शाकारणाऱ्या लुमाजीचा संशय

ज्या काळी घरांवर कौलं चढली नव्हती, राजाचा महाल असो की गरिबाचं खोपटं, सगळ्यांच्या डोक्यावर डोंगरातलं गवतच असायचं, त्या फार जुन्या काळी लुमाजी नावाचा एक माणूस होता. छपरं शाकारणं हा त्याचा धंदा. गवताच्या पेंढ्या तो एकीवर एक अशा बसवायचा की आषाढाची झड लागली तरी आत थेंब पडायचा नाही.

आधी तो राजाच्या चाकरीत होता. महालाची, पागेची, कोठारांची छपरं त्याच्याकडे असायची. चाकरीतल्या माणसाला ताप आला, हाड मोडलं, तर राजवैद्य त्याच्या घरी यायचा. त्याच्या बायकोलाही बघायचा. पण तिथला मुकादम फार जाच करी. एके दिवशी लुमाजीने कमरेला कोयता खोचला आणि तो चाकरी सोडून बाहेर पडला.

"आता आपणच आपले धनी," तो बायकोला म्हणाला.

बायकोचं नाव सगुणा. लुमाजी छपरावर आणि ती खाली. ती पेंढ्या बांधून वर फेकायची, तो त्या बसवायचा. कामाला तोटा नव्हता. पण एकदा लुमाजीला सडकून ताप भरला, कामं खोळंबली, आणि दाराशी कुणी वैद्य आला नाही. ताप उतरल्यावर सगुणा म्हणाली, "अहो, धनी झालो ते खरं. पण धनीच आजारी पडला तर त्याच्याकडे बघायचं कुणी?"

लुमाजी कोयत्याला धार लावत बसला.

मंडळी, हा लुमाजी स्वभावाने भारी संशयी. कुणी हसून रामराम घातला तरी हा घरी येईपर्यंत विचार करायचा, 'याला माझ्याकडून काय हवं असेल?' बाजारात शेवटचं मडकं स्वस्तात मिळालं तर हा ते घ्यायचाच नाही. फुटकं नसतं तर उरलं कशाला असतं, हा त्याचा हिशेब.

त्याच सुमारास गावात रेशमी फेटा बांधलेला एक माणूस आला. झुलीने सजवलेल्या बैलावर बसून आला आणि पाराजवळ उतरला. "लोहार, बुरूड, शाकारणारे, जे जे स्वतःच्या हिमतीवर जगतात ते सगळे या!" त्याने हाक दिली. "दर महिन्याला अर्धी पायली धान्य द्या. कुठलाही आजार होऊ दे, कितीही दिवस पडून राहा, आमच्या मठात तुमची सेवा होईल. काही विचारणार नाही, काही तपासणार नाही."

आळीतल्या माणसांनी भराभर धान्य आणून ओतलं. लुमाजी मात्र हाताची घडी घालून उभा राहिला.

"तू का मागे?" शेजारच्या बुरुडाने विचारलं.

"सगळ्याच आजारांवर औषध देतो म्हणतो. म्हणजे कशावरच देत नसणार," लुमाजी म्हणाला.

लोक हसले. रेशमी फेट्याचा माणूसही हसला आणि म्हणाला, "विश्वास नसेल तर पलीकडच्या गावच्या सोनाराला विचार. तो आमच्याकडे बरा झाला."

लुमाजी घरी आला आणि ओटीवर बसला. "सगळे लबाड," तो म्हणाला.

सगुणा चुलीपाशी होती. "असतील लबाड. पण तुमचा संशय ओटीवर बसून राहिला तर त्याचा उपयोग काय? त्याला जरा चालवू या. उद्या पलीकडच्या गावी जाऊ."

दोघं गेली. सोनार भेटला. "हो, हो, मी बरा झालो," तो म्हणाला. सगुणाने विचारलं, "काय झालं होतं तुम्हाला?" सोनार जरा चाचरला. "सर्दी."

लुमाजी तिथूनच परत फिरला असता. पण सगुणा म्हणाली, "ज्याला त्याने पुढे केलं त्याला भेटलो. ज्याचं नाव त्याने घेतलं नाही, असा कुणी शोधू."

गावाच्या टोकाला एक गाडीवान अंगणात बसला होता. त्याचा पाय वाकडा जुळला होता. तो कितीतरी महिने त्या मठात धान्य टाकत होता. गाडी उलटली, पाय मोडला, तेव्हा त्याला उचलून तिथे नेलं. "मला म्हणाले, आम्ही शरीराचे आजार बघतो. तुझा पाय शरीराने मोडला नाही, गाडीने मोडला. गाडीवाल्याकडे जा," गाडीवान म्हणाला. "गाडी माझीच होती हो!"

परतीच्या वाटेवर लुमाजी खुशीत होता. त्याचा संशय खरा ठरला होता.  सगुणा मात्र म्हणाली, "वाईट कोण ते कळलं. चांगलं कोण ते अजून कळायचंय. नदीपलीकडे भिवाई वैद्यबाईची पडवी आहे म्हणतात. तिथेही विचारून येऊ."

भिवाईच्या पडवीत झूल नव्हती की रेशीम नव्हतं. काढ्याचा कडू वास होता आणि खाटांवर माणसं होती. सगुणा एकेका खाटेपाशी बसली. एका परटिणीने तोंड वाकडं केलं. "म्हातारी फटकळ आहे. काढा तर असा की जीव नकोसा होतो. पण मला अर्ध्यावर सोडलं नाही. इथे येऊन किती दिवस झाले तेही मला आठवत नाही." बाकीच्यांनीही थोडंफार तसंच सांगितलं. कुरकूर सगळ्यांची होती, फसल्याचं मात्र कुणी म्हणेना.

मग भिवाई आली. पांढऱ्या केसांची, काठीसारखी ताठ.

"माणशी महिन्याला एक पायली," ती म्हणाली. "त्या धान्यावर ही पडवी चालते. जुनं दुखणं असेल तर आत्ताच सांग. त्याचं औषध पहिले दोन पावसाळे तुझं तू आणायचं. बाकी जे होईल ते माझ्याकडे."

"तो फेटेवाला अर्धी पायली घेतो," लुमाजी म्हणाला.

"मग त्याच्याकडे जा. माझ्या दारात मी कुणाला बांधून ठेवत नाही."

लुमाजीला गवताच्या धुळीने जुना खोकला होता. तो लपवावा असं त्याच्या मनात आलं. पण भिवाईची नजर त्याच्या छातीवरच खिळली होती. त्याने खोकल्याचं सांगून टाकलं.

"बरं केलंस," भिवाई म्हणाली. "तू माझ्यावर संशय घेतोस, मी तुझ्यावर. दोघांनी खरं सांगितलं की व्यवहार सोपा होतो. आता सांग, हिचं नाव घालायचं ना?"

तिने सगुणाकडे बोट दाखवलं. आणि लुमाजीच्या मनात पाल चुकचुकली. 'आता कळलं,' त्याने मनाशी म्हटलं. 'एवढा खरेपणा दाखवला तो दुसऱ्या पायलीसाठी!'

"छपरावर मी चढतो," तो म्हणाला. "ही जमिनीवर उभी असते. जमिनीवरच्या माणसाला काय होणार?"

"जमिनीवरच्या माणसालाच जास्त होतं, लेका. माझ्या खाटा बघ."

"नको. माझं एकट्याचंच घाला."

भिवाईने सगुणाकडे पाहिलं. सगुणाने क्षणभर वाट पाहिली, नवरा काही बोलतो का. मग ती पदर सावरत म्हणाली, "ते म्हणतात तसं."

घरी जाताना लुमाजी म्हणाला, "बघितलंस? मला कुणी फसवू शकत नाही." सगुणा नदी उतरत होती. 

पावसाळा तोंडावर आला. सगळीकडून लुमाजीला बोलावणी येऊ लागली. एका दुपारी तो एका खळ्याच्या छपरावर होता आणि सगुणा खाली गवताच्या ढिगातून पेंढ्या ओढत होती. "टाक गं," त्याने वरून हाक दिली. पेंढी आली नाही. त्याने खाली पाहिलं. सगुणा आपला उजवा हात डाव्या हातात धरून मटकन बसली होती. ढिगातून एक फुरसं सरसरत निघून गेलं.

लुमाजी तिला पाठीवर घेऊन नदीपलीकडे धावला.

भिवाईने काही विचारलं नाही. तिने सगुणाला खाटेवर घेतलं, जखम धुतली, पाला वाटून लावला, काढे पाजले. दोन दिवस ती खाटेपासून हलली नाही. तिसऱ्या दिवशी सगुणाने डोळे उघडले. पण हात काळानिळा पडून कोपरापर्यंत सुजला होता.

"जीव वाचला," भिवाई बाहेर येऊन म्हणाली. "जीव वाचवताना मी नाव विचारत नाही. पण हा हात बरा व्हायला पावसाळा जाईल. रोजचं तूप, दूध, लांबून येणारी मुळं लागतील. ते तुला आणावं लागेल."

"आत्ता तिचं नाव घाला!" लुमाजी हात जोडून म्हणाला. "दोन पायल्या देतो. चार देतो!"

"तहान लागल्यावर विहीर खणतोस? फुरसं चावल्यावर नाव घालता आलं, तर सगळे चावल्यावरच येतील. मग आधी कोठार भरणार कोण?" भिवाईचा आवाज खाली आला. "ते धान्य माझं असतं तर दिलं असतं रे. ते त्या खाटांवरच्या माणसांचं आहे."

लुमाजीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे लोभ शोधला. सापडला नाही. त्या दिवशीही नव्हता, हे त्याला आता कळलं. तिने विचारलं होतं ते सगुणासाठी.

दुसऱ्या दिवशी तो राजाच्या कोठाराच्या दारात उभा राहिला. मुकादमाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आला का धनी?" तो म्हणाला. लुमाजीने मान खाली घातली. राजवैद्याने सगुणाकडे बघावं म्हणून त्याने पुन्हा चाकरी धरली आणि मुकादमाचा जाच निमूट सोसला.

पावसाळा सरला. सगुणा बरी झाली, पण तिच्या उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. पेंढी बांधणं तिला पुन्हा कधी जमलं नाही.

"सगळ्या गावाला मी पारखलं," एका संध्याकाळी लुमाजी तिला म्हणाला, "आणि तुलाच बाहेर ठेवलं."

"मी पण त्या दिवशी बोलले नाही," सगुणा म्हणाली. "खाटांपाशी बसून विचारलं मी, आणि माझ्या वेळेला गप्प बसले."

तिने डाव्या हाताने त्याच्यासमोर ताट सरकवलं. लुमाजीचा घास बराच वेळ हातातच राहिला.

तात्पर्य: संशयाने लबाड ओळखावा, पण खऱ्या माणसाच्या प्रश्नातही जो लबाडीच शोधतो, तो आपल्याच माणसाला उघड्यावर ठेवतो.