मठातलं प्लगइन

"पण ते इथंच का चालू नये, बाबा? पुण्यात चालतं, माझ्या लॅपटॉपवर चालतं. तुमच्या या मशीनवर आलं की मान टाकतं!"

सोपानगिरी बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले,

"त्याला इथली भाषा येत नसेल."

"तेच तर सांगतोय! ते प्लगइन विंडोजसाठी बनवलंय. तुमच्याकडे लिनक्स. हे लिनक्स काढू द्या, मी विंडोज टाकतो. तासाभराचं काम."

"मशीन आहे तसंच राहील. तुझा पाहुणा त्यावर नांदणार असेल तर आण."

शार्दूलनं कपाळाला हात लावला.

शार्दूल सरंजामे हा पुण्यातल्या एका बड्या स्टुडिओचा ध्वनिमुद्रक. हाताला यश होतं, नाव होतं, आणि आपलं नाव आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. बाबांनी भगवी वस्त्रं घेण्याआधी उभी हयात रेडिओत काढलेली. त्यांच्याकडे ऐकायला शिकावं म्हणून तो पंचगंगेकाठच्या या मठात आला होता. मठाच्या मागच्या खोलीत भक्तांनी टाकून दिलेल्या एका कॉम्प्युटरवर बाबांनी लिनक्स चढवलं होतं. दोन स्पीकर, एक माइक. एवढाच स्टुडिओ.

बाबांनी त्याला काम दिलं होतं एकच. भागाक्काचं भजन.

भागाक्का म्हणजे मठाच्या पायरीवर बसून आयुष्यभर गायलेली म्हातारी. उद्या सकाळी तिचा मुलगा तिला कायमचा भिवंडीला नेणार होता. आपलं भजन जायच्या आधी एकदा आपल्याच कानांनी ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती.

शार्दूलनं भजन रेकॉर्ड केलं. मग आवाजाला रंगरूप देणारी ही प्लगइन नावाची अवजारं, लिनक्सवर फुकट मिळणारी जेवढी होती तेवढी, त्यानं एकावर एक चढवली. घासलं, पुसलं, चमकवलं. आणि काल भागाक्काला बोलावून ऐकवलं.

आक्का हात जोडून ऐकत राहिली. भजन संपल्यावर म्हणाली,

"ग्वाड गळा हाय. कोन रं ही बाई?"

...

ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. पण नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं त्याच्या मनानं खापर लगेच दुसऱ्याच्या माथी फोडलं. अवजारं हलकी आहेत. फुकटचीच ती. पुण्यात आपण वापरतो ते एक प्लगइन इथं चाललं, तर आक्काचा आवाज आक्काचाच वाटेल.

म्हणून आज सकाळपासून तो मशीनला भिडला होता.

विंडोजचं प्लगइन लिनक्सवर नांदवायचं तर मधे एक दुभाषा बसवावा लागतो. प्लगइनला वाटलं पाहिजे की आपण घरीच आहोत, आणि मशीनला वाटलं पाहिजे की आलाय तो आपल्यातलाच. शार्दूलनं दुभाषा बसवला. प्लगइन उघडलं, पांढरंफटक झालं आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला घेऊन कोसळलं.

पुन्हा उघडलं. पुन्हा कोसळलं.

त्यानं दुभाषा बदलला. मग जुना आणला. मग दोघांनाही शिव्या दिल्या. चहा आला तो तसाच निवून गेला. मधेच उठून तो अंगणात जाई, ऊन कुठवर उतरलंय ते बघे आणि तसाच परत येई. दिवेलागणीला आक्का येणार होती. उद्या तिला कुठं गाठायचं? 'कोन रं ही बाई' एवढंच आपल्या नावावर ठेवून ती जाणार?

त्याला बसवेना. उठवेना.

दुपार कलता कलता मात्र गंगेत घोडं न्हालं. पडद्यावर प्लगइन उमटलं. काळी पाटी, तिच्यावर सोनेरी नॉब. आता कोसळेल, मग कोसळेल म्हणून तो श्वास रोखून बसला. कोसळलं नाही!

बाकीची सगळी फुकटची प्लगइन त्यानं उपटून काढली. हे एकटंच ठेवलं. भजन लावलं आणि एक नॉब केसभर फिरवला.

आणि त्याला आक्का ऐकू आली.

गळ्यातली खरखर ऐकू आली. वरच्या सुराकडे जाण्याआधी तिचा दम कसा अडतो, ते ऐकू आलं. त्यानं दुसरा नॉब फिरवला, मग तिसरा. आवाज खुलतच गेला. शार्दूलचे डोळे भरून आले. असं किती दिवसांत झालं नव्हतं!

"बाबा! अहो बाबा, या लवकर!"

बाबा आले. डोळे मिटून उभे राहिले. भजन संपल्यावर म्हणाले,

"आक्का आहे."

"म्हणत होतो ना मी? उगाच का जगभर वापरतात हे? तुमची ती फुकटची दहा एकीकडे आणि हे एक एकीकडे."

"हा नॉब काय करतो?"

"ऊब आणतो आवाजात. केसभरच फिरवलाय बघा. जास्त झाला तर आवाज फाटेल. त्याला कान लागतो, बाबा."

बाबांनी माउस हातात घेतला, भजन पुन्हा लावलं आणि तो नॉब शेवटपर्यंत फिरवला.

"अहो, स्पीकर जाईल!"

आक्का गात होती. तश्शीच.

बाबांनी नॉब उलटा फिरवून पार शून्यावर आणला.

आक्का गात होती.

मग दुसरा नॉब. मग तिसरा. लहान पोरानं रेडिओ पिरगाळावा तसे बाबा नॉब पिरगाळत होते, आणि आवाज जागचा हलत नव्हता.

...

शार्दूल पडद्याकडे वाकला. प्लगइनच्या वरच्या कोपऱ्यात चालू-बंदचं एक बारीक बटण होतं. ते विझलेलं होतं. सकाळपासून ज्यानं इतक्या वेळा घात केला, त्याला रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरनं आपणहून बाजूला बसवलं होतं. चित्र दिसत होतं, नॉब फिरत होते. आवाज मात्र त्यातून जातच नव्हता.

स्पीकरमधून येत होती ती नुसती भागाक्का. माइकसमोर गायली तेवढीच.

"पण मला फरक ऐकू येत होता, बाबा... शपथ."

बाबांनी माउस त्याच्याकडे सरकवला.

इतक्यात बाहेर काठी वाजली.

"म्हाराज, हायसा का आत?"

शार्दूलचा हात माउसवर होता. एक टिचकी, की प्लगइन चालू. मग तो आवाज त्याच्या हातचा होणार होता. न मारावी, तर या गाण्यात त्याचं काय उरत होतं? काहीच नाही. इतक्या वर्षांत आपलं बोट न लागलेला आवाज त्यानं कुणाला ऐकवला नव्हता, आणि त्याला त्याची चक्क भीती वाटली. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

आक्का आत आली. भिंतीला टेकून बसली.

शार्दूलनं माउसवरून हात काढला. भजन पहिल्यापासून पुन्हा लावायला कीबोर्डची एक कळ पुरली.

आक्का ऐकू लागली. वरचा सूर आला, दम अडला, आणि तिचा हात आपोआप छातीवर गेला.

"बया... मीच की ही!"

मग ती हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली.

"दम कसा लागलाय बघा, म्हाराज. तरी सोडंना झालिया म्हातारी!"

तिनं पुन्हा एकदा ऐकलं. जाताना शार्दूलच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"लेकरा, लई कष्ट घेतलंस रं माझ्या आवाजापायी."

शार्दूलला खाली बघावं लागलं. काठीचा आवाज अंगण ओलांडून रस्त्याला लागेपर्यंत तो तसाच बसून होता. मग एकदम मशीनकडे वळला.

"काढूनच टाकतो हे. नको ते इथं."

बाबांनी त्याचा हात धरला.

"राहू दे रे. बंद असलं की फार छान चालतं."