मिश्काचा लाल-पांढरा दोरा

लांब, खूप लांब एक गाव. देशाचं नाव बल्गेरिया. तिथे आजीला म्हणतात बाबा. हो, आजीलाच बाबा. या बाबाला मिश्या नाहीत. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल आहे.

या नेडाबाबाच्या घरात राहायची मिश्का. इवलीशी उंदरी.

मार्च उजाडला. बाबाने सगळ्यांच्या हातांना लाल-पांढरा दोरा बांधला. मिश्काच्या पंजालाही बांधला. अंगणातलं झाड फुललं, की दोरा सोडायचा आणि झाडाला बांधायचा. अशी त्या गावची रीत. किती गोड रीत आहे ना?

पण वारा आला. सुर्र सुर्र. मिश्काचा दोरा सुटला आणि उडाला. तिला रडूच आलं.

मिश्का गेली तुरुतुरु बाबाकडे.
"बाबा, बाबा, दोरा दे. मी झाडाला काय बांधू?"
बाबा म्हणाली, "लोकर आण, मग दोरा देईन."

मिश्का गेली तुरुतुरु मेंढीकडे.
"मेंढी, मेंढी, लोकर दे.
बाबा दोरा देईना.
मी झाडाला काय बांधू?"
मेंढी म्हणाली, "बें बें. गवत आण, मग लोकर देईन."

मिश्का गेली तुरुतुरु कुरणाकडे.
"कुरणा, कुरणा, गवत दे.
मेंढी लोकर देईना,
बाबा दोरा देईना.
मी झाडाला काय बांधू?"
कुरण म्हणालं, "पाणी आण, मग गवत देईन."

मिश्का गेली तुरुतुरु ओढ्याकडे. ओढ्याचा झाला होता बर्फ.
"ओढ्या, ओढ्या, पाणी दे.
कुरण गवत देईना,
मेंढी लोकर देईना,
बाबा दोरा देईना.
मी झाडाला काय बांधू?"
ओढा म्हणाला, "कुडकुड कुडकुड. ऊन आण, मग पाणी देईन."

मिश्का चढली टेकडीवर. सूर्य ढगांत गुरफटून बसला होता.
"सूर्या, सूर्या, ऊन दे.
ओढा पाणी देईना,
कुरण गवत देईना,
मेंढी लोकर देईना,
बाबा दोरा देईना.
मी झाडाला काय बांधू?"
सूर्य म्हणाला, "थंडी पळव, मग ऊन देईन."

थंडी कोण पळवतं? कुकेर पळवतो. कुकेर म्हणजे त्या गावचा सोंग घेऊन नाचणारा माणूस. अंगावर केसाळ कातडं. तोंडावर शिंगांचा मुखवटा. कमरेला ह्या एवढ्या घंटा. तो नाचला, की थंडीची पळता भुई थोडी. मिश्का गेली तुरुतुरु कुकेरकडे. त्याच्याकडे बघतच राहिली. केवढा उंच, केवढा देखणा.

"कुकेरदादा, कुकेरदादा, थंडी पळव.
सूर्य ऊन देईना,
ओढा पाणी देईना,
कुरण गवत देईना,
मेंढी लोकर देईना,
बाबा दोरा देईना.
मी झाडाला काय बांधू?"
कुकेर म्हणाला, "घंटा सुटल्यात गं. माझी बोटं जाडजूड. गाठच बसेना."

मिश्का चढली सरसर. दातांनी ओढलं, पायांनी दाबलं. गाठ बसली घट्ट.

कुकेर नाचला. घणघण घणघण.
थंडी पळाली.
सूर्याने ऊन दिलं.
ओढ्याने पाणी दिलं. झुळुझुळु.
कुरणाने गवत दिलं.
मेंढीने लोकर दिली.
बाबाने अर्धी लोकर लाल रंगवली, अर्धी पांढरी ठेवली. दोरा वळला आणि मिश्काच्या पंजाला बांधला.

आणि बघते तर काय, झाड फुललं होतं. पांढरंशुभ्र.

मिश्काने दोऱ्याकडे पाहिलं. आत्ता तर मिळाला. आत्ताच सोडायचा?

मिश्काने दोरा सोडला. झाडावर चढली. सगळ्यांच्या दोऱ्यांच्या वर गेली. बाबाचा हात पोचत नाही, तिथेही वर गेली. गावातला सगळ्यात छोटा दोरा तिने सगळ्यात उंच फांदीला बांधला.

दोरा गेला झाडावर,
आता डोकं उशीवर.