सरदाराचं सोंग

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक बहुरूपी राहत असे. कधी गोसावी, कधी वैद्य, कधी सरदार अशी सोंगं घेऊन तो दारोदार फिरे, लोकांना हसवी आणि मिळेल त्या पसाभर धान्यावर घर चालवी.

एके सकाळी सरदाराचं सोंग घेऊन तो वेशीपाशी आला, तोच समोर धुळीचा लोट उठला. दरोडेखोर! गावातली तरणी माणसं शेजारच्या गावच्या जत्रेला गेलेली. मागे होत्या बायका, पोरं आणि म्हातारे. बहुरूप्याला पळायला वाट मोकळी होती. पण त्याने लाकडी तलवार कमरेला घट्ट खोचली आणि वेशीच्या मधोमध उभा राहिला.

“थांबा तिथेच!” तो गरजला.

म्होरक्याने घोडा रोखला. “कोण रे तू?”

“या मुलखाचा सरदार. आणि सरदाराला अरे-तुरे करत नाहीत.”

“एकटाच?”

“एकटा दिसतोय ना? मग ये की पुढे!”

म्होरक्याने त्याला नीट न्याहाळलं. नजर ढळत नव्हती. इतक्या निर्धास्त माणसामागे नक्कीच फौज दडलेली असणार! त्याने घोडा वळवला आणि टोळी आल्या वाटेने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी ऐकून खरा सरदार शिपाई घेऊन गावात आला. “माझं नाव लावणारा कोण तो?”

पाटील बहुरूप्याच्या कानाशी लागला, “परसातून निघून जा, बाबा. आम्ही सांगू, कुणी वाटसरू होता.”

“काल खोटं बोललो ते गावासाठी,” बहुरूपी म्हणाला. “आज कुणासाठी बोलू?” आणि तो पुढे झाला. “मीच तो, सरकार. इथला बहुरूपी.”

“लाकडाच्या तलवारीच्या भरवशावर उभा राहिलास? भीती नाही वाटली?”

“बहुरूप्याला फार वाटली, सरकार. पण सरदाराला वाटून कसं चालेल?”

सरदार खळखळून हसला. “माझ्या फौजेत ये. तुला खराखुरा मान देतो.”

बहुरूप्याने मुजरा केला. “माफी असावी. दिवसभर कुणीही होतो, पण घरी जाताना मी मीच असतो. तेवढं मला सोडवत नाही.”

तो ताठ मानेने घराकडे निघाला, तेव्हा खऱ्या सरदाराने घोड्यावरून उतरून त्याला वाट करून दिली.

तात्पर्य: सोंग कुणासाठी घेतलं आणि ते वेळेवर उतरवलं का, यावरून माणूस ओळखावा.