गेनूकाकांचा रहाट

"मग माझ्या हातून काकांसारखं काही घडणार कधी, बुवा?"

हैबती सुताराने विचारलं आणि मठाच्या पायरीवर बसकण मारली.

निगाबुवा शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

"काका म्हणजे आपला गेनू?"

"दुसरे कोण! ओढ्याचं पाणी ओढ्याच्याच जोरावर वर चढवणारा माणूस या मुलखात दुसरा झालाय का? ना बैल, ना इंजिन. लोक वेडा म्हणाले. आणि एके सकाळी रहाट फिरला, डबे भरभरून वर आले, टाक्यात धबाधबा पाणी! मी एवढुसा होतो, बुवा. तेव्हाच ठरवलं, व्हायचं तर असं."

"फिरतो का रहाट हल्ली?"

हैबतीची मान खाली गेली. ओढ्याने आपला तळ खोल करून घेतला होता. रहाटाच्या फळ्या पाण्यापासून चार बोटं वर, नुसत्या लोंबत होत्या. वाडीतल्या बाया पुन्हा दरडीवरून हंडे वाहत होत्या.

"फिरत नाही," तो म्हणाला. मग छाती काढून म्हणाला, "पण काका गेल्यापासून त्यांच्या हातचा एक खिळा मी हलू दिलेला नाही. वर सागवानी मखर केलंय. रोज हार घालतो. काका लाकूड तासायचे तो वाकससुद्धा देव्हाऱ्यात ठेवलाय. दसऱ्याला पुजला, तो पुजलेलाच."

"आणि तुला तासायचं असलं तर?"

"दुसरा आहे की. काकांच्या वाकसाला कसा हात लावू?"

बुवांनी एक शेंग त्याच्या तळहातावर ठेवली.

"गेनूने रहाटाला लाकूड कुठलं घेतलं होतं रे?"

हैबतीला हसू फुटलं. "आज्याची बैलगाडी मोडली! आजा शिव्या देत वाडीभर त्यांच्या मागं फिरला."

"अन् पाणी चढलं तेव्हा?"

"तेव्हा आजाच पहिला टाक्यात उतरून नाचला..."

बोलता बोलता तो थांबला.

...

बुवा उठून आत गेले. बाहेर आले ते हातात आपल्या गुरूंच्या पादुका घेऊन. पिढीभराचं चंदन बसलेल्या. सारी वाडी तिथं डोकं टेकायची.

"शिसवी आहेत. पाण्यात कुजायच्या नाहीत. फळ्यांच्या टोकाला ठोक. समोरासमोर ठोक, म्हणजे तोल राहील. बाकीचं लाकूड तू बघ."

"बुवा! यांच्यात खिळा? पाप लागेल मला!"

"ते मला लागू दे. तू वाकस आण."

हैबतीने पादुका दोन्ही हातांनी कपाळाला लावल्या.

मग घरी गेला. देव्हाऱ्यातून वाकस उचलला. पात्यावरचं वाळलेलं कुंकू सदऱ्याला पुसलं. पहिल्या घावाला काकांची माफी मागितली. दुसऱ्याला नाही.

मखर खाली आलं. दुपार कलायच्या आत एकेका फळीला त्याचा तुकडा जोडला गेला, समोरासमोरच्या दोन फळ्यांना पादुका; डबेही तेवढेच टोकाकडे सरकले.

कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्याने अडकण काढली. रहाट कुरकुरला. जरासा हलला. थांबला...



एक पादुका पाण्यात बुडाली. पाण्याने तिला धक्का दिला. ती वर गेली, दुसरी खाली आली. डबे भरले, पन्हळीत रिते झाले, आणि टाक्यात धबाधबा पाणी!

दरडीवर चंद्रावहिनीने डोईवरचा हंडा धाडकन खाली ठेवला. "अगं बया, गेनूभावजी आले की काय!"

"हैबती हाय त्यो!" खालून कुणी तरी ओरडलं. "आपला हैबती!"

पोरं टाक्यात उड्या घेऊ लागली. हैबती हसत होता, रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. काठावर बुवा उभे होते. त्याने ओले हात जोडले.

"बुवा, तुमच्या गुरूंचा काही अपमान तर नाही ना झाला?"

बुवा पाहत होते. चंदन धुऊन निघालेली पादुका चकाकत वर आली आणि पुन्हा पाण्यात गेली.

"किती वर्षं एका जागी बसून होते रे बिचारे."