भिवाच्या दारातलं विळीचं पातं

थांबा, थांबा! उंबऱ्यावर पाय ठेवू नका. आधी बूट या पात्यावर खरवडा. हसताय? हसा. शहरातल्या जुन्या बंगल्यांच्या पायरीशीही अशी लोखंडी पट्टी असते, पण ती चिखलासाठी. आमच्या वाडीत दारोदारी दोन दगडांत रोवलेलं हे वाकडं पातं आहे, ते भीतीपोटी. माझी सत्तरी उलटली, तरी हे सांगताना अंगावर काटा येतो.

समोर गर्द दिसते ती राखणदाराची, वाडी राखणाऱ्या देवाची राई. तिथलं पान तोडायचं नाही, काटकी उचलायची नाही. मातीसुद्धा त्याचीच. म्हणून पूर्वी माणसं अनवाणी जात आणि निघताना कडेच्या गवतावर तळवे पुसून येत. वाडीत पहिले बूट आणले भिवा कदमाने. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला गडी, बूट उतरवायचा तो फक्त जेवताना नि झोपताना. चुकलेली गाय शोधायला तो तसाच राईत शिरला. येताना गवतावर बूट पुसले त्यानेही, पण तळाच्या खिळ्यांत घट्ट बसलेली माती गवताने थोडीच निघते?

असं सांगतात, त्याच तिन्हीसांजेला त्याच्या अंगणात ओली पावलं उमटली. अनवाणी पावलं. येणारी होती, जाणारी नव्हती. पुढच्या सांजेला ती पडवीत आली. घरात सून बाळंतीण, आणि पावलांचा रोख सरळ माजघरातल्या पाळण्याकडे. सगळ्यांची पाचावर धारण बसली.

माती लागली असणार, एवढं भिवाला उमगलं. तो ओढ्यावर धावला आणि बूट खसाखसा धुऊन आला. तिथेच घात झाला. त्या सांजेला पावलं पाळण्याशी पोचली, आणि पोरीच्या दुपट्यावर चिखलाची पाच बोटं उठली.

गुरवाने देवीला कौल लावला. म्हणाला, "भिवा, जेवढी नेलीस तेवढी परत मागतोय तो. चिमूटभर कमी चालायची नाही."

भिवाची बायको येसू स्वयंपाकघरात गेली. विळीचं पातं तिने पाटावरून उखडलं, दारातल्या दोन दगडांत ठोकलं, आणि त्यावर बूट घासून खिळ्यांतली उरलीसुरली माती काढली. ओंजळही भरली नाही. ती रडायलाच लागली. "आवो, ही येवढीच! वड्याला गेली ती कुठनं आणायची?"

भिवाने ती माती रुमालात बांधली म्हणे, नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि उजेड असतानाच राईकडे निघाला. जी कमी पडत होती, ती भरून द्यायला त्याच्याकडे स्वतःशिवाय काय होतं?

बूट राईच्या कडेला मिळाले. आत शोधायला जायची कोणाची छाती झाली नाही. पावलं मात्र थांबली आणि पोर जगली. ती माझी आजी.

आजही राईतून आलेला माणूस या पात्यावर बूट खरवडतो आणि निघालेली माती करवंटीत भरून दिवस मावळायच्या आत परत टाकून येतो. खरं की खोटं मला विचारू नका, विषाची परीक्षा कोणी घ्यावी? ओढ्यावर मात्र आमच्यातलं कोणी बूट धूत नाही.

तुम्ही राई बघूनच आलात ना? मग ताई, तुमचे बूट असे ओले कसे?