शेवटच्या घरचा वाटा

माळरानावरच्या एका गावात एक लहानसं चर्च होतं. त्या चर्चचा डीकन होता सिलास भिंगारदिवे. डीकन म्हणजे मंडळीचा, चर्चला येणाऱ्या लोकांचा, सेवक. पाळकसाहेबांनी वचन सांगावं आणि डीकननं माणसं सांभाळावीत, अशी ही कामाची वाटणी. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाकडे कुणी फिरकत नाही, हे त्यानं बघायचं.

सिलासला हे काम कसं मिळालं तेही सांगतो. त्याची बायको राहेल वारली. मूलबाळ नव्हतं. मंडळीला नवा डीकन हवा होता, आणि कामाला माणूस शोधताना ज्याच्या घरी कुणी वाट बघत नाही त्याच्याकडेच सगळ्यांचं बोट आधी जातं. सिलास हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तेव्हा मात्र त्याला रडू आलं. राहेल गेल्यापासून त्याच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता.

माणूस कामाला चोख. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकत्र भाकर मोडून खायची. उपासना संपली, की ज्यांना चर्चपर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट न्यायचा, हे डीकनचं काम. या मंडळीची आणखी एक जुनी रीत होती. डीकननं आपला वाटा चर्चमध्ये घ्यायचा नाही. सगळ्यांचं झाल्यावर शेवटच्या घरी जायचं आणि तिथल्या माणसाशेजारी बसून घ्यायचा.

ही रीत सिलासनं मोडली. मनात पाप नव्हतं बिचाऱ्याच्या. दुसऱ्याच्या घरात बसलं की त्याला आपलं घर आठवे. समोर कुणी जेवायला बसलं की त्याच्या घशाखाली काही उतरत नसे. म्हणून वाटेत ओढ्याच्या पुलावर बसून तो आपला तुकडा एकटाच खाई आणि मग शेवटच्या घरी जाई. आता यात कुणाचं काय बिघडलं, असं तुम्हीही म्हणाल. सिलासही तेच म्हणत होता.

शेवटचं घर सलोमीआजीचं. गावाच्या टोकाला, पत्र्याचं. आजीचे गुडघे गेलेले. मुलगा शहरात होता, तो सणाला येईल असं ती सांगायची. सण येत, मुलगा येत नसे. सिलास दारातूनच हाक मारी, "आजी, वाटा आणलाय." डबी उंबऱ्यावर ठेवी, बाटली ठेवी आणि चपलासुद्धा न काढता माघारी वळे. ऊन असो, पाऊस असो, एकदाही चुकला नाही. याचा त्याला अभिमान होता. असला तर असू द्या. एकट्या माणसाजवळ तेवढं तरी काही असावं.

अशाच एका पहिल्या रविवारी उपासनेआधी पाळकसाहेबांनी त्याला बाजूला घेतलं.

"सिलासभाऊ, सलोमीआजीचा निरोप आहे. यापुढे वाटा आणू नका म्हणते. आणि ती गेली तर मातीलाही मंडळीनं येऊ नये, असं सांगितलंय."

सिलासचं डोकंच फिरलं. या म्हातारीसाठी मी उन्हातान्हात तंगडतोड करतो आणि तिचा हा निरोप? पण रागापेक्षा भीती मोठी होती. एवढी वर्षं मंडळीत काढलेली म्हातारी मंडळीबाहेर मरणार, ती कुणामुळे? डीकनमुळे. आणि हे काम गेलं तर सिलासला नावानं हाक मारायला तरी कोण उरणार होतं?

त्या दिवशी बाकीची घरं झाली. सवयीनं तो पुलावर थांबला, आपला तुकडा खाल्ला आणि आजीची डबी घेऊन तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आजी, माझं काय चुकलं? एक तरी रविवार चुकवला का मी?"

"नाही चुकवलास," आजी खाटेवरून म्हणाली. "भाकर वेळेवर येते. पण तू आणलेला तुकडा मी कधी खाल्ला नाही. चिमण्यांना घातला."

सिलासनं वळून अंगणातल्या चिमण्यांकडे बघितलं.

"मी लहान असताना आमची वस्ती गावाबाहेर होती," आजी म्हणाली. "आई मला घेऊन भाकर मागायला जायची. लोक द्यायचे, नाही म्हणायचे नाहीत. पण आम्ही उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आईनं पदर पसरायचा आणि त्यांनी वरून टाकायची. मग आम्ही मंडळीत आलो. पहिल्याच दिवशी कुणीतरी आईचा हात धरून तिला पंक्तीत बसवलं. आई जेवलीच नाही, नुसती रडत बसली. सिलास, मी भाकरीसाठी नाही आले रे देवाच्या घरी. पंक्तीसाठी आले. आता तू पुन्हा उंबऱ्यावर ठेवून जातोस. मला वाटलं, मंडळीनं मला पंक्तीतून उठवलं."

सिलासनं चपला काढल्या, आत गेला आणि खाटेजवळ जमिनीवर बसला.

आजीचा चेहरा सैल झाला. "काढ तुझा वाटा. बरोबर घेऊ."

आता आली का पंचाईत. सिलासनं मान खाली घातली. "मी खाऊन आलो, आजी. पुलावर. दर वेळी तिथंच खातो."

"एकटाच?"

"एकटाच."

"राहेल गेल्यापासून कुणाबरोबर जेवलास?"

सिलास म्हणाला, "कुणाबरोबरच नाही."

आजी त्याला रागावली नाही. तिनं डबी मागून घेतली, उघडली. तुकडा तो केवढा, नखाएवढा. तिनं तो मोडला आणि अर्धा सिलासच्या तळहातावर ठेवला. दोघांनी डोळे मिटले, प्रार्थना केली आणि खाल्लं. मग सिलास रडला, मन मोकळं होईपर्यंत रडला, आणि आजीनं त्याला रडू दिलं.

तो निघताना ती म्हणाली, "माझ्या मातीला ये. येताना मंडळीला घेऊन ये."

तात्पर्य: एकट्या माणसाच्या दारात भाकर ठेवून येणं हे सेवेचं अर्धंच काम आहे; त्याच्याशेजारी बसून जो जेवतो तो खरा सेवक, आणि तसं बसल्यावर सेवकाचीही भूक भागते.