मरळीने गिळलेले सोयाबीन

एकदा एक शिष्य आपल्या गुरूच्या झोपडीपर्यंत धावत आला आणि दारातूनच ओरडला, "बाबाजी, चला लवकर! मासे उड्या मारतात!"

वृद्ध गुरू फाटलेले जाळे सांधत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "मासे नाही तर काय बैल मारणार?"

"तसं नाही जी! माझ्या गोळ्यांवर मारतात!"

शिष्याचे नाव सोविंदा. गुरूंना सारी वस्ती बाबाजी म्हणत असे, आणि आसपासच्या तलावांवर मत्स्यपालनातली कोणतीही नवी गोष्ट त्यांच्या होकाराशिवाय सुरू होत नसे. वस्तीत मरळ पाळली जाई. मरळ हा शिकारी मासा. लहान मासे, बेडकाची पिले, किडे खाऊन वाढणारा. म्हणून समुद्रकाठाहून सुकी मासळी मागवून, ती कुटून मरळीला घालावी लागे. मासळी वेळेवर आली नाही, तर लोक ओढ्यांत बारीक जाळी लावून बोटाएवढी पिले गाळून आणीत. मग ओढे रिकामे पडत. एक मासा वाढवण्यासाठी पाण्यातले इतके जीव उपसायचे, हे सोविंदाला पाहवत नसे. आपल्याच शेतांत पिकणाऱ्या सोयाबीनवर मरळ वाढली तर? या एका प्रश्नाने त्याला झपाटले होते.

सुरुवातीला मरळींनी त्याची थट्टाच केली. दळलेल्या सोयाबीनची गोळी तोंडात घ्यायची आणि थुंकून द्यायची. मग एके दिवशी त्याला युक्ती सुचली. त्याने जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, उकळून त्याचे पाणी गाळले आणि त्या पाण्यात गोळ्या बुडवून काढल्या. त्या वासासरशी मरळी तुटून पडल्या. तेव्हापासून रोज तेच चालले होते. आज तर त्याने मासळीचे खाद्य विकणाऱ्या एका व्यापाऱ्यालाही बोलावून घेतले होते.

बाबाजी तळ्याच्या पाळीवर आले, तेव्हा व्यापारी आपल्या टेम्पोला टेकून उभाच होता. सोविंदाने घमेल्यावर काठी आपटली. रोजचा इशारा तो. क्षणात पाणी खवळले, काळ्या पाठी एकमेकींवर आदळल्या. त्याने गोळ्यांची मूठ फेकली आणि दोन मरळी तर पाण्याबाहेर झेपावल्या!

"वा रे पठ्ठ्या!" व्यापारी टाळ्या पिटत म्हणाला. "लग्नाच्या पंगतीतसुद्धा अशी झुंबड पाहिली नाही!"

सोविंदाने मोठ्या आशेने गुरूंकडे पाहिले आणि तो चपापला. बाबाजी पाण्याकडे पाठ करून बसले होते. समोरच्या बाभळीवरचा एक साधा कावळा ते मन लावून न्याहाळत होते.

"बाबाजी, इकडं पाहा ना जी! संपत आल्या गोळ्या!"

"संपू दे."

"बाबाजींना हल्ली दिसत नाही वाटतं," व्यापारी डोळा मिचकावत म्हणाला.

"कावळा दिसतो, तुमचा टेम्पोही दिसतो," बाबाजी शांतपणे म्हणाले. "होकार पाहिजे ना? दुपारी बोलू."

"दुपारी कशाला? आत्ता हो म्हणा, मी पोती भरतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या तलावांवर गोळ्या पोचवतो!"

बाबाजी उठून चालू लागले. व्यापारी कुरकुरत टेम्पोत आडवा झाला. सोविंदाला मात्र चैन पडेना. आपले काय चुकले? ज्यांच्यासाठी एवढी धडपड केली, त्यांनी एकदा वळूनही पाहू नये?

दुपारी तळे निपचित पडले होते. पाण्यावर साधा तरंग नव्हता. आणि आता मात्र बाबाजी पाण्याकडे तोंड करून बसले, सकाळी कावळ्याकडे लावलेले तेच लक्ष लावून.

सोविंदाचा संयम सुटला. "पाहण्यासारखं होतं तेव्हा तुम्ही पाहिलं नाही. आता काय आहे इथं?"

"आता आहे," बाबाजी म्हणाले. "हातजाळं टाक. आणि घरून पांढरी परात आण."

एक मरळ हाती लागली. परातीत स्वच्छ पाणी घेऊन ती अलगद सोडली. दोघे परातीवर वाकून बसले. बराच वेळ काही घडले नाही. मग मरळीच्या मागून पांढरट, चिकट दोरा लोंबू लागला. बाबाजींनी तो काडीने उलगडला. आत सोयाबीनचे पिवळे कण होते, दळले तेव्हा होते तसेच, न पचलेले.

सोविंदाने एक कण चिमटीत धरून पाहिला.

"आता त्या लव्हाळ्यात बघ," बाबाजी म्हणाले.

लव्हाळ्यात एक मरळ मरून अडकली होती. रोज काठीच्या इशाऱ्यावर जमणारी झुंबड पाहताना, झुंबडीत कोण आले नाही हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. बाबाजींनी विळ्याने तिचे पोट उघडले. आतडे लाल होऊन सुजले होते.

"मी मारलं हिला," सोविंदा पुटपुटला.

"तू तिच्या तोंडाला फसवलंस," बाबाजी म्हणाले. "तोंड वासाला भुलतं, पोट भुलत नाही. खाताना सगळेच मासे सारखे दिसतात रे, म्हणून मी तेव्हा पाहत नाही. रोहूचं आतडं सुताच्या गुंड्यासारखं लांब असतं. वनस्पतीचं खाणं त्यातून सावकाश फिरतं, पचतं. मरळीची वाट आखूड. तिथं तू कच्चं सोयाबीन घातलंस, आणि तेही एकदम. उकळलं का नाहीस?"

"मला वाटलं, उकळलं की सत्त्व जाईल."

"जे जायला हवं तेही राहिलं ना. कच्च्या दाण्यात पचन अडवणारं काहीतरी असतं. उष्णतेनं त्याचा जोर बराच मोडतो, सगळा नाही. म्हणून आधी उकळायचं, आंबवून पाहायचं, आणि जुन्या खाद्यात चिमूटभर मिसळून पोटाला ओळख करून द्यायची. पोटानं मान्य केलं की थोडं वाढवायचं. नाही केलं, तर तिथंच थांबायचं."

"म्हणजे सोयाबीन वाईट नाही?" सोविंदाने झटकन मान वर केली.

"सोयाबीनला कोण वाईट म्हणतं? तुझी घाई वाईट. आजच गोळ्या बंद कर. सुजलेली आतडी अजून सावरतील."

इतक्यात टेम्पोचा भोंगा वाजला. व्यापारी डोळे चोळत पाळीवर आला. "चला बाबाजी, झाली दुपार. हो की नाही?"

"गोळ्या सोविंदाच्या. त्यालाच विचारा," बाबाजी म्हणाले.

व्यापारी सोविंदाकडे वळला. सोविंदाच्या डोळ्यांसमोरून सगळे तलाव सरकून गेले. प्रत्येक पाळीवर कोणीतरी आपल्या गोळ्या फेकतो आहे, असे स्वप्न त्याने कितीदा पाहिले होते. आज फक्त एक शब्द उच्चारायचा होता.

"नाही," तो म्हणाला. "गोळ्या मासळीला बाधतात."

"अरे, पण उड्या मारतात ना? गिऱ्हाईक उड्या पाहूनच घेतं! आतडं कोण फाडून पाहतं?"

"मी पाहिलं," सोविंदा म्हणाला. "आता ह्या गोळ्या कोणाच्या तळ्यात जाणार नाहीत शेठजी."

"म्हाताऱ्यानं तुझ्या अन्नात माती कालवली रे!" असे म्हणत व्यापारी निघून गेला.

बाबाजींना वाटले, पोरगे आता तोंड पाडून बसेल. पण सोविंदा तोवर घरी पळालाही होता! तो परतला तेव्हा एका खांद्यावर सोयाबीनची गोणी होती आणि दुसऱ्या हातात मोठे पातेले. पाळीवरच तीन दगड मांडून त्याने चूल पेटवली. पाणी तापले, दाणे वरखाली नाचू लागले, पातेल्याच्या काठापर्यंत फेस चढला.

"बाबाजी, आंबवायला किती वेळ ठेवायचं? ताक घालायचं का? झाकायचं की उघडं ठेवायचं?"

"मला काय ठाऊक? मी कधी केलंय?" बाबाजी हसले आणि फुंकणी हातात घेऊन चुलीपाशी सरकले. त्यांच्या म्हाताऱ्या डोळ्यांतही आता सोविंदासारखीच चमक होती. "जाळ कमी पडतोय बघ. अजून दोन काटक्या सार."

सोविंदाने काटक्या सारल्या. मग तो कितीतरी वेळ उकळणाऱ्या दाण्यांकडे पाहत राहिला. आज त्याला कसलीच घाई नव्हती.

आपणही मुलांना, शिष्यांना, श्रोत्यांना काही देतो आणि त्यांनी ते आवडीने घेतले की समाधानाने उठतो. ते त्यांच्या अंगी लागले का, हे पाहण्यासाठी थोडे मागे थांबले पाहिजे.